अप्पांच्या नावावरचं सेमिस्टर

परत येऊन मला दहा दिवस झाले होते. कॉलेजच्या परीक्षा विभागाबाहेर सहाव्या सेमिस्टरचा निकाल लावला होता, तो मी उन्हात उभी राहून वाचला. माझ्या नावापुढे सहा विषय होते आणि सहाही विषयांपुढे एकच शब्द होता: गैरहजर.

मी गैरहजर नव्हते. ते सेमिस्टर मी जर्मनीत काढलं होतं. कॉलेजनंच पाठवलं होतं, तिकडच्या एका विद्यापीठाशी त्यांचा करार होता. सहा विषय तिथे शिकले, सहा परीक्षा दिल्या, सहाही पास झाले, आणि शिक्क्याचं गुणपत्रक छातीशी धरून घेऊन आले. आल्याच्या दुसऱ्या दिवशी, अजून झोपेचं तंत्र जागेवर नसताना, ते परीक्षा विभागात दिलंही होतं. तरी बोर्डावर गैरहजर.

इकडे तमिळनाडूत राहिलेल्या विषयाला अरियर म्हणतात. एक जरी अरियर डोक्यावर असला तर कॅम्पसच्या मुलाखतीला बसता येत नाही, दारावरच यादी असते. मुलाखती तीन आठवड्यांवर आल्या होत्या आणि माझे सहा अरियर होते. ज्या मुलीनं बारावीपासून एकही विषय सोडला नाही तिचे. हे मी फुशारकीनं सांगते आहे हे मला ठाऊक आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं माझ्याआधी कुणी नाही. तेवढी फुशारकी माझ्या हक्काची आहे.

आत गेले. तिथल्या सुपरिंटेंडेंट मॅडम वयानं मोठ्या, चष्मा कपाळावर, समोर फायलींचा ढीग आणि ढिगावर मोगऱ्याचा सुकलेला गजरा.

“तुझं गुणपत्रक आलेलंच नाही, अम्मा,” त्या तमिळमध्ये म्हणाल्या. इथे मोठी बाईही लहान मुलीला अम्मा म्हणते, त्यात लाड असतोच असं नाही.

“मी याच टेबलावर दिलंय, मॅडम. गेल्या आठवड्यात.”

त्यांनी ढिगातून एक फाइल ओढली, गजरा खाली पडला. “हे? हे तुझं कुठंय? हे कुणा गड्याचं आहे.”

कागद माझाच होता. त्यावर माझ्या नावाचं पहिलं अक्षर होतं, टिंब, आणि पुढे अप्पांचं पूर्ण नाव.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे थोडं सांगावं लागेल. इकडे लोकांना आडनाव नसतं. आधी बापाच्या नावाचं एक अक्षर, ते झालं इनिशियल, मग स्वतःचं नाव, संपलं. आमचं घर मराठी, भोसल्यांच्या राज्यात कधीतरी इकडे येऊन राहिलेलं, त्यामुळे आम्हाला आडनाव आहे. पण ते लग्नपत्रिकेवर येतं, रेशन कार्डावर नाही. पासपोर्ट काढताना एजंट म्हणाला, आडनावाचा रकाना मोकळा सोडू नका, पुढे त्रास होतो. म्हणून तिथे अप्पांचं नाव घातलं. इथले बहुतेक सगळे तेच करतात. मग माणूस विमानात बसतो, आणि पलीकडे उतरतो तेव्हा बाप पूर्ण उरलेला असतो आणि आपलं एक अक्षर झालेलं असतं.

मॅडमनी पेनाच्या टोकानं ते अक्षर दाखवलं. “आपल्या रीतीनं वाच. इनिशियल तुझं, नाव तुझ्या अप्पांचं. म्हणजे पास कोण झालं? तुझे अप्पा. आणि त्यांचा बाप कोण? तू.”

बाजूच्या टेबलावरचा क्लार्क हसला. मीही हसले असते, पण सकाळपासून दोन बस बदलून आले होते आणि पायातली चप्पल तुटायला आली होती.

“मॅडम, पासपोर्ट बघा. फोटो बघा.”

“मी बघितलं. मला कळतंय की तू तूच आहेस. पण मला कळून काय उपयोग? उद्या ऑडिटला येणाऱ्याला कळायला पाहिजे.”

हे त्या चिडून म्हणाल्या नाहीत. त्यांनाही दमायला झालं होतं, हे मला तेव्हा दिसलं नाही.

*

चूक माझी होती. ती कशी झाली ते लिहिते.

त्या गावात उतरले त्या दिवशी मी अठ्ठावीस तास नीट झोपले नव्हते. विद्यापीठाच्या कचेरीत रांग होती. काउंटरवरच्या बाईनं कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला आणि इंग्रजीत विचारलं, तुमच्या सगळ्या कागदांवर नाव असं येईल, बरोबर आहे ना? आधी एक अक्षर, मग एक नाव. लांबून अगदी आपल्याकडच्यासारखं. पण मी जवळून बघितलं होतं. उलटं आहे हे मला दिसलं होतं. पुढे मी या प्रश्नाची खूप उत्तरं खूप लोकांना दिली: गडबड होती, इंग्रजी कळलं नाही, मागे रांग होती. खरं असं की मी दमले होते, आणि त्या पडद्यावर अप्पांचं नाव बरं दिसत होतं.

“बरोबर आहे,” मी म्हणाले.

तिथून पाच महिने मी अप्पा होते. खोलीच्या दारावर त्यांचं नाव, टपालाच्या पेटीवर त्यांचं नाव. स्वयंपाकघर सात जणांत एक, फ्रीजमध्ये प्रत्येकाला एक कप्पा, माझ्या कप्प्यावर त्यांचं नाव. घरून अम्मानं दिलेल्या परुप्पु पोडीच्या, म्हणजे भातावर घालायच्या डाळीच्या पुडीच्या डब्यावरही मीच चिकटपट्टी लावून त्यांचं नाव लिहिलं, नाहीतर इतर लोक तो बेवारस माल समजून फेकून देत. वर्गात प्राध्यापक अप्पांना हाक मारायचे आणि मी उभी राहायचे. उभं राहायची तिथे रीत नाही, हे कळायलाही दोन आठवडे गेले.

जर्मनीचं लोक विचारतात तेव्हा बर्फाचं विचारतात. बर्फ मी चार दिवस पाहिलं. मला आठवतो तो उजेड. मे महिन्यापासून साडेनऊ-दहापर्यंत दिवस मावळायचा नाही. आमच्याकडे सहा-साडेसहाला अंधार पडतो आणि त्या अंधारानं माणसाला सुटी मिळते. तिथे सुटीच मिळेना. पडदा ओढला तरी कडेनं उजेड यायचा आणि मला वाटायचं, अजून काहीतरी करायचं राहिलंय. पाच महिने मी अर्धवट झोपेत शिकले. व्याख्यानं इंग्रजीत होती, प्रयोगशाळेतले कागद जर्मनमध्ये. एकेक ओळ फोनवर धरून तिचं भाषांतर वाचायचं, तोवर बाकीच्यांचा प्रयोग होऊन जायचा.

माझ्या स्वतःच्या नावानं हाक मारणारी तिथे एकच होती, शेजारच्या खोलीतली जळगावची मुलगी. पहिल्यांदा मी तिच्याशी मराठी बोलले तेव्हा ती भांडी घासता घासता थांबली.

“तू हे कुठलं मराठी बोलतेस गं? माझी पणजी असं बोलायची म्हणे.”

“मग मला पणजी म्हण,” मी म्हणाले. “नाहीतरी इथे सगळे मला बाप म्हणतात.”

देवनागरी वाचायला तिनंच शिकवलं. आमच्या घरात कुणालाच येत नाही. अम्मा आरत्यासुद्धा तमिळ अक्षरांत लिहून ठेवते. आज मी हे ज्या लिपीत लिहिते आहे ती मला तंजावूरात मिळाली नाही, जर्मनीतल्या एका स्वयंपाकघरात मिळाली, धिरड्यांच्या बदल्यात.

दर रविवारी मी घरी फोन करायचे. नावाची गंमत मी अप्पांना पहिल्याच रविवारी सांगितली होती. ते इतके हसले की फोन अम्मानं काढून घेतला. पुढे तो त्यांचा नेम झाला. फोन लागला की जेवलीस कां, झोपलीस कां, यातलं काही नाही. पहिला प्रश्न:

“मग? ह्या आठवड्यांत मी काय शिकलों?”

मी सांगायचे. कंट्रोल सिस्टिम्स. पॉवर इलेक्ट्रॉनिक्स. ते म्हणायचे, “बरें शिकलों मग.” कधी कधी मी इतकी दमलेली असायचे की एका शब्दात उरकायचे, आणि ते पलीकडे अजून थोडं काही येईल म्हणून गप्प थांबायचे.

अप्पांचं ओरत्तनाडूत, बाजाराच्या टोकाला, मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. शेतावरच्या पंपाच्या मोटारी जळतात. जळलेल्या मोटारी त्यांच्याकडे येतात. काळी झालेली तार छिन्नीनं काढायची, खाचा साफ करायच्या, नवा कागद घालायचा, तांब्याच्या नव्या तारेचे वेढे मोजून भरायचे, वर वार्निश, मग वाळवण. तीस वर्षं ते हेच करतात. मी त्या वार्निशच्या वासात वाढले. शाळेतून यायचे ती दुकानात, आणि वेढे मोजण्यातच मला अंक आले. इलेक्ट्रिकल घेतलं ते काही कुणी समुपदेशन केलं म्हणून नाही.

म्हणून सहा विषयांतला इलेक्ट्रिकल मशिन्सचा पेपर कसा झाला ते मी त्यांना नीट सांगितलं नाही. “ठीक झाला,” म्हटलं. त्यांनी जास्त विचारलं नाही. मोटारीचा पेपर, त्यात विचारायचं काय.

*

मॅडमनी दोन रस्ते सांगितले. एक, जर्मनीहून नाव दुरुस्त करून नवीन गुणपत्रक मागवायचं. मी त्याच दिवशी तिकडे मेल पाठवला. उत्तर छान आलं, तिकडची उत्तरं नेहमीच छान असतात: सध्या सुटीचा काळ आहे, दुरुस्ती होईल, सहा ते आठ आठवडे लागतील. माझ्याकडे तीन होते.

दुसरा रस्ता, नोटरीपुढची दोन प्रतिज्ञापत्रं. एक माझं, की ही आणि ती व्यक्ती एकच. दुसरं अप्पांचं.

“त्यांचं कशाला?” मी विचारलं.

“नाव त्यांचं आहे ना? त्यांनीच लिहून द्यायला पाहिजे, की हा मी नव्हे. मी असं काही शिकलेलो नाही.” मॅडमनी नमुना पुढे केला. त्यात ओळ होती: मी कोणत्याही महाविद्यालयात वा विद्यापीठात कधीही शिक्षण घेतलेले नाही.

मी नमुना घडी करून पिशवीत टाकला आणि म्हणाले, दुसरा काही मार्ग बघते.

पुढच्या दहा दिवसांत मी काय काय मार्ग बघितले ते आता आठवूनही पाय दुखतात. विभागप्रमुखांकडे गेले, त्यांनी प्राचार्यांकडे पाठवलं. प्राचार्य बैठकीला चेन्नईला. करार बघणाऱ्या सरांकडे गेले, ते म्हणाले परीक्षा विभागाला विचार. परीक्षा विभागात मॅडमनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, “आणलंस?” रोज सकाळी ओरत्तनाडूहून तंजावूरची बस, तंजावूरहून कॉलेजची टाउन बस, संध्याकाळी तेच उलटं. घरी अम्मा विचारायची, काय झालें, आणि मी म्हणायचे, काम चाललेंय. ती ताक पुढे ठेवायची. मी ते पिताना झोपून जायचे.

सोपं काम होतं. अप्पांना सांगितलं असतं तर ते तासाभरात सदरा घालून निघाले असते. मला सांगवत नव्हतं. जो माणूस पाच महिने दर रविवारी विचारत होता की मी काय शिकलों, त्याच्याकडून स्टँप पेपरवर लिहून घ्यायचं, मी काही शिकलेलो नाही. आणि ते कशासाठी? तर मी एका काउंटरवर आळस केला म्हणून.

मुलाखतीला अकरा दिवस राहिले तेव्हा मी दुकानात गेले. अप्पा वेढे भरत होते, ओठांनी मोजत. मोजणी चालू असताना त्यांच्याशी बोलायचं नाही हे मला चार वर्षांची असल्यापासून माहीत आहे. एक वेढा चुकला तर सगळं परत. मी स्टुलावर बसून राहिले. त्यांनी डोळ्यांनी विचारलं, मी मान हलवली, मोजा. मोजणी संपली, त्यांनी तार कापली, टोकाला गाठ दिली.

“सांग.”

मी नमुना दिला. तो इंग्रजीत होता. “काय आहे हें?”

मी सगळं सांगितलं. बोर्ड, गैरहजर, सहा अरियर, कॉम्प्युटरचा पडदा. आणि ती ओळ तमिळमध्ये करून सांगितली, मराठीत मला म्हणवली नाही.

त्यांनी तारेचं रीळ उचलून बाजूला ठेवलं.

“दहा दिवस तूं ह्यासाठीं हिंडतेस?”

“हं.”

“मूर्ख आहेस,” ते म्हणाले. “उद्यां जाऊं.”

*

तंजावूरच्या कोर्टाबाहेर झाडाखाली टाइप करणारे बसतात. अप्पांनी लग्नाकार्याची पांढरी वेष्टी, इकडचं धोतर, नेसली होती, खांद्यावर घडीचा पंचा. टाइप करणाऱ्यानं इंग्रजी मजकूर केला आणि खाली तमिळ. अप्पांनी तमिळ मोठ्यानं वाचला, बोट ओळीवर ठेवून, सगळ्या झाडाखालच्यांना ऐकू जाईल असा. वाचून झाल्यावर म्हणाले,

“हे बरोबर नाही.”

“काय बरोबर नाही?” टाइप करणारा.

“मी सहावीपर्यंत शिकलोय. ते लिहा.”

“अहो अय्या, कॉलेजात नाही शिकलात एवढंच पाहिजे. सहावीचं कुणी विचारलं नाही.”

“खरं लिहून द्यायचंय ना? मग सगळं खरं लिहा. सहावीपर्यंत शिकलो, गणितात पहिला होतो, मग शाळा सोडली.”

“गणिताचं आणि कशाला?”

“बरं, गणित सोडा. सहावी लिहा.”

टाइप करणाऱ्यानं माझ्याकडे बघितलं, की हे काय. मी म्हणाले, “लिहा. सहावी लिहा.” माझा आवाज चढला असावा, कारण त्यानं निमूटपणे नवीन कागद घातला. त्यात अर्धा तास गेला. ऊन सरकून आमच्या पायांवर आलं.

अप्पांनी सही केली. तमिळमध्ये, आधी त्यांच्या अप्पांचं अक्षर, मग स्वतःचं नाव, गोल गोल. सही करताना जीभ दाताखाली.

कॉलेजात परीक्षा विभागाच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या. शिपाई म्हणाला, राहू द्या, घालून जा. त्यांनी नाही ऐकलं. वर्षानुवर्षं माझ्या फीच्या पावत्या त्यांनी खिशात ठेवल्या होत्या, पण या इमारतीच्या आत ते आजवर आले नव्हते.

मॅडमनी कागद वाचला. सहावी आली तिथे थांबल्या. चष्मा डोळ्यांवर घेतला, अप्पांकडे बघितलं.

“बसा, सर,” त्या म्हणाल्या. मला कधी बस म्हणाल्या नव्हत्या.

“राहू द्या, मॅडम.”

“बसा. विचारायचं असतं म्हणून विचारते. ही परीक्षा तुम्ही दिलेली नाही?”

“नाही, मॅडम. दर आठवड्याला माहिती मात्र घेत होतो.”

त्या हसल्या. शिक्के मारले, चार ठिकाणी सह्या घेतल्या, गुणपत्रकाची एक झेरॉक्स फाइलला लावली. तीन दिवसांनी बोर्ड बघ, म्हणाल्या. अप्पा उठताना म्हणाले, “मॅडम, ह्याची आणखी एक झेरॉक्स मिळेल?”

“कशाची?”

“माझं नाव असलेल्याची. नवीन आल्यावर हे जाणार ना?”

मॅडमनी लगेच काढून दिली.

बोर्ड खरंच बदलला. मुलाखतीच्या दारावरच्या यादीत माझं नाव होतं, माझंच, अप्पांचं अक्षर पुढे असलेलं. त्या पहिल्या कंपनीनं मला घेतलं नाही. जर्मनीबद्दल दोन मिनिटं विचारलं आणि हवा कशी होती एवढ्यावर संपलं. दुसरीनं घेतलं, आज मी तिथेच आहे. पण हे नंतरचं. त्या दिवशी आम्ही जुन्या बस स्टँडवरून ओरत्तनाडूची बस धरली, आणि मला त्या बसचं सांगायचंय.

दुपारची बस, अर्धी रिकामी. कालव्याकाठच्या रस्त्याला लागेपर्यंत माझे डोळे मिटायला लागले होते. दहा दिवसांची सगळी झोप एकदम आली होती. अप्पांनी झेरॉक्स मांडीवर उलगडली.

“वाचून दाखव. काय काय शिकलों तें बघूं.”

मी डोळे न उघडता विषयांची नावं सांगत गेले, पाठच होती. ते बोट खाली खाली नेत होते. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही पण आकडे कुठल्याही भाषेतले येतात.

“एक दशांश सात. हा कुठला?”

“कंट्रोल सिस्टिम्स.”

“दोन. दोन दशांश तीन.” बोट थांबलं. “चार! हा कुठला, हा चारवाला?”

मी डोळे उघडले.

“इलेक्ट्रिकल मशिन्स.”

“म्हणजे मोटार?”

“मोटार.”

“सगळ्यांत जास्त,” अप्पा म्हणाले. पुढच्या बाकावर कुणी ओळखीचं आहे का म्हणून त्यांनी मान वर करून बघितलं. “मोटारींत सगळ्यांत जास्त. पडणारच. माझें नांव आहे.” आणि कागद परत मांडीवर सपाट केला, तळहातानं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

जर्मनीत एक म्हणजे उत्तम. दोन बरं. चार म्हणजे जेमतेम पास, त्याखाली नापास.

मी खूप दमले होते. बस हलत होती, मान टेकायला खिडकीची दांडी होती, आणि मला काहीच करायचं नव्हतं. काही बोलायचंसुद्धा नव्हतं. ते कागद घरी नेणार, दुकानात लावणार, मोटार घेऊन आलेल्या प्रत्येकाला दाखवणार, आणि ओरत्तनाडूत जर्मन गुण वाचणारं कोण येणार होतं? मला फक्त डोळे मिटायचे होते. एकदा मिटलेच. मग मला झाडाखालचा तो टाइप करणारा आठवला, नवीन कागद घालताना. सगळं खरं लिहा.

“अप्पा, उलटं असतंय तें.”

“काय उलटं?”

“तिकडे आंकडा मोठा तितके गुण कमी. एक सगळ्यांत वर. चार म्हणजे…” मला शब्द सापडेना. “काठावर पास. मोटारींत मी काठावर पास झालें.”

बस एका गावात थांबली. एक बाई नारळांची पोती घेऊन चढली, कंडक्टर तिच्याशी पोत्यांवरून भांडला. बस सुटली.

“कां?” अप्पांनी विचारलं.

“अभ्यास केला नाहीं. बाकीच्या पांच विषयांचा केला, ह्याचा नाहीं. मला येतेंच असें वाटलें. दुकानांत बघितलेलें सगळें लिहून आलें. त्यांनीं विचारलें होतें, कां फिरते. मी लिहिलें कशी भरायची.”

अप्पांचं बोट अजून त्या चारवर होतं. मला वाटलं आता कागद घडी करतील. त्यांनी तो तसाच धरून ठेवला, आणि बाहेर बघत, वाकलेल्या भातावर नजर ठेवून, माझ्याशी नाही तर एखाद्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं म्हणाले,

“वार्निश वाळायच्या आधीं मोटार जोडली कीं असेंच होतें. बघायला नवी दिसते.”

“हं.”

“आणि तें माझ्या नांवावर.”

“हं.”

“कां फिरते तें मला पण ठाऊक नाहीं,” ते म्हणाले. “तीस वर्षें झालीं. तुझें मोटारींचें पुस्तक काढून ठेव. रविवारीं सांग मला. तुला येईल तेव्हां मला येईल.”

मी हो म्हणाले की नाही ते आठवत नाही, मला झोप लागली होती. स्टॉप आला तेव्हा त्यांनी कोपरानं ढोसलं. कागद त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता, चारचा आकडा असलेली घडी बाहेरच्या बाजूला.